वल्हं घरी होतं

या धाग्यावरचे सगळ्यांचे अनुभव मी गेले दोन महिने वाचतोय. बहुतेक वाचून हसलो, खोटं कशाला सांगू. मी प्राथमिक शिक्षक, त्यातही विज्ञानाचा कीडा. पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवणं, हळद-चुन्याचं 'रक्त' काढून दाखवणं, हे प्रयोग मी वर्गात इतक्या वेळा केलेत की पोरं कंटाळायची. कुणी 'झपाटलं' म्हणून आलं की मी आधी ताप बघायचो. तेव्हा मी इथे काही लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या अंगावर इतकी वर्षं आहे, आणि आता तिचं ओझं वाहून कंटाळा आलाय. टायपिंग मुलगी करतेय. ती मध्ये मध्ये थांबून माझ्याकडे बघते, तिलाही हे आजच कळतंय.

माणसांची आणि पाड्याची नावं बदलली आहेत. का ते शेवटी कळेल.

मी मूळचा मुरबाडकडचा, वैशाखऱ्याजवळचा. नव्वदीच्या सुरुवातीला माझी बदली शहापूर तालुक्यात झाली, भातसा धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या एका पाड्यावर. त्याला हेदपाडा म्हणू. चाळीसेक घरं, चौथीपर्यंत शाळा, शिक्षक मी एकटा. धरणाचं पाणी भरल्यावर पाड्याचा जुना रस्ता बुडाला होता. डांबरी सडकेवरून उतरून काठावर आलं की पाडा समोर दिसायचा, अगदी कोंबड्यांचा आवाज ऐकू यायचा. पण जायचं कसं? जंगलातून वळसा घालून तीन तास. पावसाळ्यात मधला ओहोळ भरला की तेही बंद.

माझ्या आधीचे दोन शिक्षक वर्षभरसुद्धा टिकले नव्हते. त्यांना दोष देत नाही.

पाड्यावर एकच होडी होती, धावजीबाबांची. बाबा तेव्हा साठीचे असतील. होडी फळ्यांची, सपाट बुडाची, कशीबशी पाच माणसं मावतील एवढी. डोळे अधू झाले म्हणून त्यांना ती काढून टाकायची होती. मी माझा ट्रान्झिस्टर आणि जवळजवळ नवी सायकल दिली आणि होडी घेतली. सायकल पाड्यावर चालवायला रस्ता नाही हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं. ती बाबांच्या पडवीत उलटी टांगलेली असायची, चाकांवर भोपळ्याचा वेल.

होडी देताना बाबांनी एकच अट घातली.

"गुरुजी, वल्हं घरी न्यायचा नाय. वल्हं होडीतच ऱ्हायला पायजे."

"चोरीला गेलं तर?"

"वल्हं कोन चोरनार? पान्याकडं माणूस येतो तो गरज हाय म्हनून येतो. होडी हाय आन् वल्हं नाय, तर त्यानं काय करायचा? आमच्यात असा करीत नाय."

मी हो म्हणालो. तेव्हा काय जातंय हो म्हणायला!

व्यवस्था अशी होती. सकाळी पाड्यावरचं कुणीतरी होडी घेऊन अलीकडे यायचं, मला न्यायचं. संध्याकाळी मला सोडून होडी परत पाड्याकडे जायची. म्हणजे रात्री होडी पलीकडेच असायची, वल्ह्यासकट, आणि कुणाला बाजार, दवाखाना, लग्न, काही निघालं की ती घेऊन लोक जायचे. मालक मी, होडी सगळ्यांची. मी शहापूरला एक खोली घेऊन राहायचो. बायको-मुलगी मुरबाडच्या घरी. शनिवारी अर्धी शाळा झाली की किन्हवली-सरळगाव एसटीने घरी, सोमवारी पहाटे परत.

पहिलं वर्ष मी त्या होडीवर भाळलो होतो, हे कबूल करतो. सकाळी धुकं पाण्यावर बसलेलं असायचं, बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून उभे. वल्हं पाण्यातून निघतानाचा तो थेंबांचा आवाज... नोकरीच्या सगळ्या कटकटी त्या पंचवीस मिनिटांत विसरायला व्हायच्या. मुख्य म्हणजे, सायकल सोडली तर, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालकीचं काहीतरी वाहन होतं. बायको म्हणायची, "पगार झाला की आधी तिच्यासाठी डांबर आणतात, मग माझ्यासाठी साडी. सवत लाकडाची असली तरी सवतच ती."

मग हळूहळू होडी म्हणजे काय ते कळलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती चिखलातून ओढत खाली न्यायची. उन्हाने फळ्यांना भेगा पडल्या की काथ्या कोंबून वर डांबर ओतायचं. तरी पाणी यायचंच. रोज निघण्याआधी डालड्याच्या डब्याने दहा मिनिटं उपसायचं, पोचल्यावर पुन्हा दहा मिनिटं. शिवाय पाण्याखालची खोडं. धरण भरलं तेव्हा तोडायची राहिलेली आईन-सागाची झाडं आत उभीच होती, आणि पाणी खाली-वर होईल तशी त्यांची टोकं कधी दिसायची, कधी नाही. माझे खांदे त्या काळात गेले ते गेलेच. आजही हिवाळ्यात उजवा खांदा वर होत नाही.

हो, आणि माझं वल्हवणं! लहानपणी आंब्यावरून पडून माझा डावा कोपर मोडला होता. हाडवैद्याने बसवला तो वाकडाच. हात पूर्ण सरळ होत नाही. एका वल्ह्याने होडी चालवायची म्हणजे चार हात उजवीकडे मारायचे, चार डावीकडे. मला डावीकडे मारताच यायचं नाही. त्यामुळे माझी होडी कायम डावीकडे जायची. मी निघायचो शाळेसमोरच्या उताराकडे आणि लागायचो पाड्याच्या मसणवटीला. बायका धुणं टाकून ओरडायच्या, "गुरुजी, उजवीकडं! उजवीकडं वो!" लक्ष्मण, म्हणजे धावजीबाबांचा मुलगा, सगळ्यांसमोर म्हणायचा, "गुरुजींना मसणात जायची लय घाई." मीही हसायचो. बाबा मात्र एकदा गंभीरपणे म्हणाले होते की इतक्या वर्षांत असा हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग माझं डोकं फिरलं.

कारण क्षुल्लक होतं, पण साचलेलं होतं. होडीतून लाकूडफाटा जायचा, बकऱ्या जायच्या, एकदा तर कुणाच्या तरी जोत्याचे दगड गेले. डांबर मी आणायचं, काथ्या मी कोंबायचा, उपसायचं मी, आणि वापरताना सगळा पाडा मालक. तोंडावर मला कुणी काही बोलायचं नाही, पण दुरुस्तीच्या दिवशी एकेकाला बरोबर शेतावर काम निघायचं. त्या वर्षी पावसाळा नुकताच लागला होता. एका सोमवारी मी काठावर पोचलो तर मला न्यायला आलेल्या होडीच्या बुडाची एक फळी तडकलेली. आत पोटरीभर पाणी. आदल्या दिवशी रविवारी लक्ष्मण होडी घेऊन गेला होता, एवढं मला कळलं.

शाळेच्या पायरीवर उभा राहून, पोरांसमोर, बायकांसमोर, मी त्याला नको नको ते बोललो. फुकटे म्हणालो. तुमच्यासाठी जीव पाण्यात घालून येतो आणि तुम्हाला त्याची किंमत नाही, म्हणालो.

तो एवढंच म्हणाला, "गुरुजी, मी नाय तोडली."

आता इथे एक सांगून टाकतो. शनिवारी सडकेच्या काठाला येताना मीच वल्हवत होतो. होडी नेहमीसारखी डावीकडे गेली होती आणि खालून 'खट्' असा आवाज आला होता. लक्ष्मणला शिव्या देताना तो आवाज मला आठवत होता. तरीही मी थांबलो नाही.

त्या दिवसापासून मी नियम बदलला. होडी माझी, चालवणार मी. संध्याकाळी ती सडकेच्या काठाला राहणार, करंजाच्या झाडाला साखळीने बांधलेली, कुलूप लावून. होडीच्या नाकाला लोखंडी कडं होतं, जोड दिलेलं. साखळी त्यातून ओवून खोडाला वेढा घालून कुलूप. किल्ली माझ्या जानव्याला. आणि वल्हं मी घरी न्यायला लागलो. सात फुटी वल्हं घेऊन मी रोज एसटीत चढायचो. कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, गाडी बंद पडली तर वल्हवत नेणार काय?" गाडीभर लोक हसायचे. मी आणखीच चिडून ते घट्ट धरून बसायचो.

कुणी भांडायला आलं नाही. पोरं शाळेत यायची, पण मधल्या सुट्टीत घरून येणारी काकडी, उकडलेल्या शेंगा, हे सगळं बंद झालं. धावजीबाबा एकदा उतारावर भेटले. म्हणाले, "गुरुजी, वल्हं तेवढा ठेवा." मी म्हणालो, "बाबा, तुमच्या मुलाला सांगा आधी." ते वळून घराकडे गेले.

श्रावणातली गोष्ट. शनिवारी शाळा सुटली, मी होडी अलीकडे आणली, साखळी लावली. पाऊस दोन दिवस चालूच होता. कुणी ओढून नेऊ नये म्हणून मी साखळी आखूड ठेवायचो, त्या दिवशीही तशीच ठेवली. धरणाकाठी राहणारं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की श्रावणात होडी आखूड बांधायची नसते. पाणी एका रात्रीत पुरुषभर चढतं. होडी वर येऊ शकत नाही, नाकाने खाली ओढली जाते आणि बुडते. मला हे माहीत होतं. चार पावसाळे काढले होते मी तिथे. पण रागात माणूस गाठ बघतो, पाणी बघत नाही.

वल्हं घेऊन शहापूरला आलो. खोलीत दाराआड उभं केलं, खोलीला कुलूप लावलं आणि मुरबाडला गेलो. रविवारी दिवसभर मी घरी होतो. चुलतभावाकडे सत्यनारायण होता, दुपारी तीन ते सात मी तिथे पंगतीत वाढत होतो. हे सांगायला पन्नास माणसं आहेत. माझा खाकी रेनकोट त्यांच्याच पडवीत टांगलेला होता.

सोमवारी सकाळी शहापूरला उतरलो. खोली उघडली. वल्हं दाराआड होतं, तसंच. मी हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. ते कोरडं ठणठणीत होतं. वरच्या टोकापासून भिंतीपर्यंत कोळ्याने एक धागा ओढलेला होता. मी तो हाताने तोडला आणि निघालो.

काठावर आलो. पाणी इतकं चढलं होतं की करंजाचं खोड अर्धं बुडालं होतं. होडी दिसत नव्हती. साखळी पाण्याखाली होती. मनात म्हटलं, बुडवलीस, स्वतःच्या हाताने बुडवलीस.

मग सहज उजवीकडे बघितलं. पन्नास पावलांवर, वरच्या गवतात, होडी होती. नाक जमिनीवर नीट चढवून ठेवलेलं. आत पाणी नाही. डालड्याचा डबा पालथा घालून ठेवलेला. कडं शाबूत, कुठे वाकलेलं नाही, जोड निघालेला नाही.

कपडे काढून मी करंजापर्यंत पोहत गेलो, बुडी मारून साखळी चाचपली. वेढा तसाच. कुलूप लागलेलं. एकही कडी तुटलेली नाही. होडीचं कडं ज्या फेऱ्यात अडकलेलं असायचं, तो फेरा नुसताच रिकामा लोंबत होता. किल्ली माझ्या गळ्यात.

मी ओला तसाच काठावर उभा होतो तेव्हा सडकेवरून लक्ष्मण धावत उतरला. डोळे लाल, अंगावर चिखल. मला वाटलं आता हा मला मारणार. त्याने माझे पाय धरले.

"गुरुजी, सखू वाचली. डॉक्टर बोलला, अजून एक तास उशीर झाला असता तर हाती काय लागला नसता."

सखू म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. त्याने रडत रडत जे सांगितलं ते असं. शनिवारी रात्रीपासून पोरीला हगवण-उलट्या. रविवारी दुपारी तिचे डोळे आत गेले, रडणं बंद झालं. ओहोळ भरलेला, वळसा घालून जाणं शक्यच नव्हतं. लक्ष्मण, त्याची बायको यमुना आणि धावजीबाबा पोरीला गोधडीत गुंडाळून काठावर आले. लक्ष्मण पोहून जायला निघाला होता, बाबांनी त्याला धरून ठेवलं. चारच्या सुमाराला धो धो पावसात पलीकडून होडी येताना दिसली. आत एक माणूस. खाकी रेनकोट, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"तुमी काय बोललात नाय," लक्ष्मण म्हणाला. "आमाला वाटला तुमी अजून रागावलेले हात. मंग आमी पन गप बसलो. यमुना बोलली, गुरुजी रागात हाईत तरी आले बघ. इकडं उतरलो आन् पोरीला घेऊन सडकेकडं पळालो, जीप गावली. तुमाला हात जोडायला पन थांबलो नाय. माफी करा गुरुजी."

मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. तोंड उघडून म्हणायचं होतं, लक्ष्मण, मी नव्हतो. मी मुरबाडला प्रसाद वाढत होतो. मी तर ही होडी तुला मिळू नये म्हणून बांधून गेलो होतो. तुझी पोर गेली असती तर ती माझ्यामुळे गेली असती.

मी म्हणालो, "आता कशी आहे ती?"

बस. एवढंच बोललो. आणि त्या एका वाक्याने मी सगळं माझ्या नावावर करून घेतलं.

साखळी मी त्याच आठवड्यात सोडवली. वल्हं पुन्हा होडीत राहायला लागलं. व्यवस्था पूर्वीसारखी झाली. फरक एवढाच की आता दुरुस्तीच्या दिवशी अर्धा पाडा हजर असायचा. काथ्या कोंबायला लक्ष्मण सगळ्यांच्या आधी. शेतातली पहिली काकडी यमुना पदरात घालून शाळेत आणायची, आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहायची. 

स्पष्टीकरणं मी खूप शोधली. दुसऱ्या कुणाची होडी असेल? मग माझी होडी गवतात कशी आली? मासेमारीवाले त्या दिवसांत ट्यूबच्या तराफ्यावर फिरायचे, त्यांच्यापैकी कुणी असेल? मी एकेकाला गाठून विचारलं, त्या पावसात कुणी पाण्यात उतरलाच नव्हता. साखळी कुणी दुसऱ्या किल्लीने काढली असेल? समजा काढली. मग परत बुडी मारून रिकाम्या साखळीला कुलूप कशाला लावेल? आणि वल्हवलं कशाने? आसपास दुसरं वल्हं नव्हतं. शहापूरच्या कुलूपवाल्याकडे ते कुलूप घेऊन गेलो, तो म्हणाला याला कुणी हात लावलेला नाही. बायकोला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तिला वाटायचं होडीच्या दुरुस्तीने मी खंगतोय.

बदलीचे दोन आदेश मी विनंती करून रद्द करून घेतले. लोक म्हणायचे, गुरुजींचा पाड्यावर केवढा जीव! जीव होताच. पण खरं कारण असं की मला तिथून जायचं तोंड नव्हतं. सखू पहिलीत आली. तिच्या हाताला धरून मी तिला 'स' गिरवायला शिकवलं. चौथी झाली, पाचवीला आश्रमशाळेत गेली. माझे खांदे दुखायचे, गुडघे दुखायचे, होडी पूर्वीपेक्षा दुप्पट गळायची. मी उपसत राहायचो.

दोन हजार सातच्या सुमाराला पाड्याला मागच्या बाजूने कच्चा रस्ता झाला, आणि माझीही मुरबाडला बदली झाली. या वेळी मी आदेश घेतला. निरोप समारंभ झाला. लक्ष्मणने सगळ्यांसमोर उभं राहून ती गोष्ट सांगितली, पाऊस, खाकी रेनकोट, सगळं. सखू आश्रमशाळेतून मुद्दाम आली होती. ती माझ्या पाया पडताना मी मान वर करू शकलो नाही. सगळ्यांना वाटलं गुरुजींना भरून आलं.

रस्त्याने जीप मिळाली असती, पण मी म्हटलं शेवटचं होडीनेच जातो. धावजीबाबा म्हणाले, "मी येतो संगं." ते आता पंच्याहत्तरीकडे झुकलेले, एका डोळ्याला काही दिसत नव्हतं. लक्ष्मणला त्यांनी हाताने मागे सारलं. दोघंच बसलो. मी वल्हं घेतलं.

पाण्याच्या मध्यावर आलो तेव्हा मी थांबलो. म्हणालो, "बाबा, मला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी... सखूच्या वेळी..."

"तुमी नव्हता," बाबा म्हणाले.

मी वल्हं आडवं ठेवलं.

"मला ठावं हाय. तवाच ठावं होता." ते पाण्याकडे बघत बोलत होते. "होडी नाकासमोर आली, गुरुजी. सरळ. एवढ्या वाऱ्यात. तुमी जल्मात कदी सरळ आलात?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. विचारलं, "तोंड बघितलंत?"

"नाय. टोपी होती. होडीत बसल्यावर हात बघितले. चार उजवीकडं, चार डावीकडं. दोनी हात सरळ." मग म्हणाले, "आन् वल्हं बघितला. शिवणीच्या लाकडाचा. हेच. माझ्या हातचा हाय, मी वळखनार नाय?"

"बाबा, हे वल्हं माझ्या घरी होतं. कुलपात."

"आसंल."

"मग लक्ष्मणला का सांगितलं नाहीत?"

"सांगितला ना. मीच बोललो, गुरुजी आले, बसा. त्याचा सारा जीव पोरीत होता. यमुना घाबरली होती. कोन हाय ठावं नाय असा बोललो असतो, तर तिनं पोरीला घेऊन होडीत पाय ठेवला नसता." त्यांनी हात पाण्यात बुडवला, ओला हात डोळ्यांवरून फिरवला. "आन् मंग म्हटला, ऱ्हाऊ दे. दोन मास्तर पळाले होते. तुमी पन जानार होता, तुमच्या तोंडावर दिसत होता. तुमचा नाव झाला म्हनून तुमी ऱ्हायलात. पोरा शिकली."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी पाड्याला फसवतोय. आणि हा म्हातारा माझी लाज माझ्यासाठी सांभाळत बसला होता, पोरांना मास्तर असावा म्हणून.

"मी आज सांगून टाकतो सगळ्यांना," मी म्हणालो. "परत फिरवतो होडी."

"नको." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सखूला वाटतं, आपल्यासाठी गुरुजी आले होते पावसात. तिला मास्तरीन व्हायचा हाय, म्हाईत हाय ना? आता ती गोष्ट तिची हाय. काढून घेऊ नका."

"पण मग तो होता कोण, बाबा?"

बाबा चांगला डोळा बारीक करून काठाकडे बघत म्हणाले, "डावीकडं चाल्लाय गुरुजी. बघा जरा."

बघितलं तर खरंच, सडकेचा उतार उजवीकडे राहिला होता आणि आम्ही भलतीकडेच, झुडपात लागलो होतो. शेवटच्या दिवशीही.

बाबा पुढच्याच वर्षी गेले. ते गेल्यामुळे आता हे माहीत असलेला मी एकटाच उरलो, म्हणून इथे लिहितोय. नावं बदलली ती सखूसाठी. ती आता डी.एड.ला जायची तयारी करतेय, कॉम्प्युटर वापरते, कधी हे वाचेल सांगता येत नाही. वाचलंच तर तिने ओळखू नये.

त्या दिवशी वल्हवणारा कोण होता, मला माहीत नाही. साखळी कशी सुटली, माहीत नाही. अजूनही मी भुतावर विश्वास ठेवत नाही, देवाबद्दल नक्की सांगता येत नाही. होडी मी लक्ष्मणला देऊन टाकली. निरोपाच्या दिवशी उतरल्यावर सवयीने वल्हं खांद्यावर घेतलं होतं, चार पावलं चाललोही होतो. मग परत फिरलो आणि ते होडीत आडवं ठेवलं. बाबा नाकाशी बसले होते. लक्ष्मण नव्या रस्त्याने जीपने त्यांना न्यायला येणार होता, म्हणून मी सडकेला लागलो. वर पोचल्यावर मागे वळून बघितलं.

होडी पाड्याकडे चालली होती, सरळ. आत बाबा होते, नाकाशी तसेच स्वस्थ बसलेले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. वल्हं कोण मारत होतं, ते एवढ्या लांबून मला दिसलं नाही.